शंका असतील तर विचारा

बॅनरवर 'कृत्रिम'मधला त्रि दीर्घ पडला होता.
मराठी विभाग म्हणून सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.
मी कूलरकडे पाहिलं.

शहाद्याचा एप्रिल, पारा चव्वेचाळीसवर,
सेमिनार हॉलमध्ये आम्ही एकतीस प्राध्यापक,
कूलरच्या टाकीत भाईदास शिपाई बादलीनं पाणी ओततोय
आणि पुण्याहून आलेला ओजस नावाचा मुलगा,
माझ्या धाकट्याच्या वयाचा,
सांगतोय, घाबरू नका,
याच्याशी माणसासारखं बोला.

माणसांशी तरी आम्ही कुठे.
गिरासे सर आणि देसले सर
एका टाइमटेबलवरून अकरा वर्षं बोललेले नाहीत.
आज लॅपटॉप कमी म्हणून एकाच बाकावर आहेत,
मध्ये केळीच्या वेफर्सची पुडी.

पहिला सराव : आपल्या विषयातला प्रश्न विचारा.
पिंजारी मॅडमनी बेंझीन विचारलं,
उत्तरात एक चूक सापडली तशा खुलल्या,
लाल पेन शोधू लागल्या, पडद्यावर.
मी टाइप केलं :
ग्रामीण कथेची वैशिष्ट्ये स्पष्ट करा. गुण दहा.

प्रस्तावना. स्वरूप. वैशिष्ट्ये पाच. समारोप.
'अशा प्रकारे आपल्याला असे दिसून येते की'

हे वाक्य माझं आहे.
चोवीस वर्षं, सकाळी सव्वासातच्या तासाला,
कडा पिवळ्या पडलेली वही डाव्या हातात धरून
मी ते सांगत आले, स्वल्पविरामासकट.
साठ माना खाली, साठ पेनं चालू.
हळू मॅडम, एवढंच कुणी म्हणायचं.
याला हळू म्हणायचीही गरज नाही.

पाणी प्यायले. माठातलं, थोडं मातकट.

सायसिंग पावरा मागच्या बाकावर होता,
धडगावकडचा, तासिका तत्त्वावरचा, सप्टेंबरपासून मानधन थकलेला.
त्यानं हात वर केला :
हे जे लिहील ते तपासायचा वेळ तासिकेत धरणार का?
ओजस हसला.
प्राचार्य हसले नाहीत, घड्याळ बघत राहिले.

चहाला तो माझ्याजवळ आला. माझाच विद्यार्थी.
तुमचा पडदा दिसत होता मॅडम, म्हणाला,
पहिल्या वर्षाला मला तुमची मराठी अशीच वाटायची.
सगळं बरोबर
आणि एक शब्द घरचा नाही.
मग तू काय केलंस?
पाठ केलं. बासष्ट पडले.
त्यानं हे तक्रार म्हणून सांगितलं नव्हतं,
तेच वाईट.
कपात साय धरली होती. मी ती चमच्यानं बाजूला करत बसले.

दुपारी लाइट गेली, आली.
टोकन, प्रॉम्प्ट, मूल्यमापन निकष,
ओजसचा आवाज बसला. शेवटी तो म्हणाला,
शंका असतील तर विचारा.

ही शांतता मला ओळखीची आहे.
घंटा वाजता वाजता मी रोज हेच म्हणते
आणि वही मिटते.
फक्त आज मी बाकावरच्या बाजूला होते,
मान खाली घालून पेनचं टोपण लावत.

तेव्हा गिरासे सर उठले,
जूनमध्ये निवृत्त होणारे, आता कुणाच्या बापाला भीत नाहीत.
भो, म्हणाले, माले तं काईच समजनं नई.
पहिलेपासून सांग.

हॉलमध्ये काहीतरी सैल झालं.
देसले सर म्हणाले, माले बी नई,
आणि वेफर्सची पुडी अर्धा इंच तिकडे सरकवली.
ओजसनं टाय सोडली, खुर्ची ओढली, बाकाजवळ बसला.
सव्वापाच झाले. कुणी बस चुकेल म्हणालं नाही.

नॅकच्या फाइलसाठी फोटो झाला, दीर्घ त्रीसकट.
मग फॉर्म : या प्रशिक्षणातून आपण काय शिकलात?
पुढच्या दोन रांगांनी ते यंत्रालाच विचारलं,
भराभर उतरवून घेतलं.

मी लिहिलं : माले समजनं नई.
सवयीनं शुद्धलेखन तपासलं.
भाईदासनं ओल्या हातानं फॉर्म घेतला,
शाई थोडी फुटली.